मृतदेहातील विषाणू : भीती किती, शास्त्र काय?

कोविडच्या साथीत मृतांचे वांद्र्याच्या दफनभूमीत दफन करण्यास काही रहिवाशांनी विरोध केला होता. त्यांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी फेटाळली. मृतदेहापासून कोविड पसरतो, यास शास्त्रीय आधार नसल्याचे न्यायालयाने नमूद केले. तरीही भीतीपोटी अनेक कुटुंबे अंत्यदर्शनाला मुकली. म्हणूनच मृत्यूनंतर श्वसनविकाराच्या विषाणूचे नेमके काय होते, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

विषाणूला वाढण्यासाठी जिवंत पेशी लागते. मृत्यूनंतर पेशींचे कार्य थांबले की नवे विषाणू तयार होत नाहीत. आधी तयार झालेले विषाणू मात्र काही काळ संसर्गक्षम राहू शकतात. थंडीत हा काळ वाढतो, उष्णतेत घटतो. जर्मनीतील संशोधकांना कोविडच्या काही मृतदेहांत संसर्गक्षम विषाणू आढळले, ते यामुळेच. पुढे विषाणूचे आवरण विस्कटते आणि पेशींतील विकरे त्याच्या ‘आरएनए’चे तुकडे करतात. चाचणीत हे तुकडेही सापडतात. पण त्यांच्यापासून संसर्ग होत नाही.

हा फरक १९१८च्या इन्फ्लुएन्झाने ठळकपणे दाखवून दिला. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अलास्कातील ब्रेव्हिग मिशन या वस्तीत ८० पैकी ७२ प्रौढ अवघ्या पाच दिवसांत दगावले. कायम गोठलेल्या जमिनीत त्यांना एकत्र पुरण्यात आले. योहान हुल्टिन यांनी १९५१मध्ये तेथून फुप्फुसांचे नमुने आणले. परंतु प्रयोगशाळेत विषाणू वाढला नाही. वयाच्या ७२व्या वर्षी, १९९७मध्ये ते ग्रामस्थांच्या परवानगीने पुन्हा तेथे गेले. एका स्थूल महिलेची फुप्फुसे चरबीच्या थरामुळे टिकून होती. त्यांतही ‘आरएनए’चे तुकडेच उरले होते. हे तुकडे आणि अमेरिकी सैनिकांचे जतन केलेले नमुने यांच्या आधारे जेफ्री टाउबेनबर्गर व सहकाऱ्यांनी २००५पर्यंत विषाणूचा संपूर्ण जनुकीय आराखडा पूर्ण केला. त्यावरून विषाणू प्रयोगशाळेत नव्याने घडवावा लागला.

मृत्यूनंतर श्वास आणि खोकला थांबतो. त्यामुळे हवेतून संसर्ग पसरण्याचा मुख्य मार्ग बंद होतो. धोका उरतो तो प्रामुख्याने शवविच्छेदन करणाऱ्यांना आणि शरीरातील द्रवांशी थेट संपर्क येणाऱ्यांना. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२०मधील सूचनांत मृताचे मुखदर्शन घेण्यास मुभा दिली होती. मनाई होती ती मृतदेहाला स्पर्श करण्यास. अस्थी व रक्षा गोळा करण्यात धोका नसल्याचेही त्यात म्हटले होते.