मलिद्याचे दुकान का निघाले नाही

भाईंदर पूर्वेला नवघर रोडवर कुठकुठचे लोक येऊन राहिले आहेत, हे कळायला कुणाला विचारावे लागत नाही. दुकानांच्या पाट्या वाचत चालले की पुरते. मालवणी खानावळ, मारवाडी फरसाण, उडुपी, फाफडा-जिलेबी, कोपऱ्यावर लिट्टी-चोख्याची गाडी. 1985 साली आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, त्यांत नवघरही होते. खाडी, मिठागरे, भातशेती आणि आगरी वस्ती असा हा मुलूख. त्या मूळ वस्तीच्या जेवणाची पाटी मात्र फारशी कुठे दिसत नसे. वालाचे बिरडे, खाडीची मासळी, तांदळाची भाकरी घरात शिजायची आणि घरातच संपायची. आगरी-कोळी थाळीचे फलक ठाणे-रायगड पट्ट्यात ठळकपणे दिसू लागले ते अलीकडे, मूळ गावकरी स्वतःच्याच गावात थोडे उरल्यावर.

जेवणाचे दुकान काढतो तो बहुधा बाहेरून आलेला माणूस. ज्याचे घर तिथेच आहे, त्याला आपल्या आईच्या हातचे विकत घ्यावे लागत नाही. न्यूयॉर्कमधल्या ज्यूंची डेली आणि कोकणातल्या ज्यूंचा नवसाचा मलिदा शेजारी ठेवून पाहिले की ही गोष्ट फार स्पष्ट दिसते.

डेली म्हणजे खारवलेले, धुरावलेले मांस, लोणची आणि पाव विकणारे, शिवाय तिथेच बसून खायला देणारे दुकान. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपातून लाखो ज्यू अमेरिकेला गेले आणि त्यांतले पुष्कळसे न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या कोंदट भाड्याच्या खोल्यांत उतरले. कपडे शिवण्याच्या कारखान्यांत दिवसभर राबायचे, घरी चूल असली तरी ती पेटवायला वेळ नाही, आणि कित्येक पुरुष तर एकटेच आलेले. त्यांतल्या रुमानियाच्या ज्यूंनी आपल्याबरोबर पास्त्रामी आणली. मूळची ही तुर्कांकडून बाल्कन प्रदेशात पोचलेली मांस टिकवण्याची रीत. रुमानियात ज्यू मंडळी ती हंसाच्या मांसाची करीत. अमेरिकेत हंस महाग आणि गोमांस स्वस्त, म्हणून त्यांनी गोमांस धरले, त्यातही सर्वांत स्वस्त असलेला छातीच्या मागचा, पोटाखालचा चरबीदार पट्टा. न्यूयॉर्कची शान म्हणून आज जी पास्त्रामी मिरवते, ती अशी गरिबीतून ठरली.

तिची कृती समजून घेण्यासारखी आहे. आधी मांस मीठ, साखर, लसूण आणि थोडा सोरा घातलेल्या पाण्यात मुरत ठेवायचे. मीठ आतले पाणी ओढते आणि जंतूंना वाढू देत नाही. आपल्याकडे खारवलेला बांगडा पावसाळाभर टिकतो तो याच गुणाने. सोऱ्यामुळे मांस शिजल्यावरही तांबूस राहते. मग त्याला बाहेरून भरड धणे आणि काळी मिरी थापायची आणि मंद धुरावर ठेवायचे. शेवटी काही तास वाफवायचे, म्हणजे स्नायूंमधले चिवट धागे विरघळतात. कापायचे ते हाताने, धाग्याच्या आडवे. राय नावाच्या धान्याचा पाव, त्यावर मोहरीची चटणी, बाजूला खाऱ्या पाण्यात आंबवलेली काकडी. लोणी नाही, चीज नाही, कारण ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे मांस आणि दूध एका जेवणात येत नाही.

1930 च्या दशकात न्यूयॉर्क शहरात दीड हजाराच्या आसपास कोशर डेल्या होत्या असे सांगतात. कोशर म्हणजे धर्मनियमांना धरून. आज त्यातल्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. 1937 मध्ये सुरू झालेली कार्नेगी डेली 2016 च्या अखेरीस बंद झाली. 1954 मध्ये निघालेली सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेली भाड्याच्या वादात 2006 साली बंद पडली आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या रस्त्यावर पुन्हा उघडली. स्वतःची स्थापना 1888 ची सांगणारी कॅट्झ डेली अजून ह्यूस्टन स्ट्रीटवर उभी आहे. आत शिरताना हातात चिठ्ठी मिळते, खाल्लेले तिच्यावर लिहिले जाते आणि बाहेर पडताना हिशोब होतो. पण कॅट्झ कोशर नाही; तिथे चीज घातलेले सँडविचही मिळते आणि शनिवारीही, म्हणजे शुक्रवारच्या संध्याकाळी सुरू होणाऱ्या शब्बाथ या विश्रांतीच्या दिवशीही, दुकान चालू असते. भाडी वाढली, मांस महागले, कारखान्यातल्या कामगारांची मुले वकील-डॉक्टर होऊन उपनगरांत गेली, आणि कामगाराचे स्वस्त जेवण 25 डॉलरच्या पुढे पोचले.

मधल्या काळात चवही घसरली होती. बहुतेक डेल्या स्वतः मांस मुरवेनाशा झाल्या. कारखान्यात सुयांनी खारे पाणी टोचलेले मांस यायचे आणि काही आठवड्यांचे काम दोन-तीन दिवसांत उरकायचे. 2007 नंतर पोर्टलंड, ब्रुकलिन, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस इथे नव्या पिढीच्या डेल्या निघाल्या, त्या याच्याविरुद्ध. ब्रुकलिनची माइल एंड 2010 मध्ये उघडली. यादी छोटी, मांस दुकानातच मुरवलेले, पाव जवळच्या भट्टीचा, लोणचे घरचे. धुरावण्याचे कसब काहींनी टेक्सासच्या भट्ट्यांकडून उचलले. पास्त्रामीपुरते बोलायचे तर या नव्या दुकानांतली कित्येकदा जुन्यांपेक्षा सरस असते, असे मानायला जागा आहे. मांस सुया टोचून घाईने मुरवले की चव वरवरची राहते. पण जुनी डेली एका वस्तीचे पोट भरत होती. नवी डेली आजोबांच्या चवीचा शोध घेणाऱ्या नातवाने काढलेली आहे, आणि ती बहुधा कोशर नसते. शुक्रवारी रात्री तिथे जेवणाऱ्या माणसाला शब्बाथ माहीत असेलच असे नाही.

आता आपल्याकडे यायचे. कोकणातल्या बेने इस्रायली समाजाची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या. वंश तिथूनच वाढला. नवगावला त्यांची दफनभूमी आणि स्मारक आहे. गावोगाव ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी नाव दिले शनिवार तेली. आडनावे गावांवरून पडली: किहीमकर, पेणकर, दिवेकर, चेऊलकर, नवगावकर. घरात मराठी. पुढे पलटणीत, रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या मिळाल्या आणि ते मुंबईत आले. 1796 साली सॅम्युएल दिवेकरांनी मांडवीत पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, बांधले. ठाण्याचे शार हशामायिम 1879 चे. भाईंदरहून घोडबंदरमार्गे ठाण्याला जाणाऱ्याला ते परके वाटायचे कारण नाही, जिल्हा एकच.

इतक्या वर्षांत या समाजाने मुंबईत डेलीसारखे दुकान रुजवले नाही. कोलकात्याच्या न्यू मार्केटमधली ज्यूंची नाहूम बेकरी 1902 साली निघालेली, पण ती बगदादहून व्यापारासाठी आलेल्या ज्यूंची. ते शहरात उतरले, तेव्हा त्यांच्या चवीचे काही तिथे मिळत नव्हते. मग ते करणारे आणि विकणारे त्यांच्यातूनच उभे राहिले. बेने इस्रायली मात्र अलिबागच्या बाजारातच वाढले. मासळी कोळणीची, तांदूळ आणि नारळ शेजारच्या वाडीतला. नियम त्यांचे, चूल कोकणाची.

नियम पाळायचा कसा, याची उत्तरे त्यांनी कोकणातच काढली. मटणात दही घालता येत नाही, मग रस्सा दाट करायला नारळाचे दूध. कोकणात ते हाताशीच होते, त्यामुळे जेवणात काही उणे राहिले नाही. मासा खवले आणि पर असलेलाच हवा, म्हणून सुरमई, पापलेट, रावस चालतात. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या घरात येत नाहीत. किनाऱ्यावर राहून कोळंबी वर्ज्य मानणे किती कठीण, हे कोकणी माणसाला सांगायला नको. शुक्रवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनेला द्राक्षारस लागतो. तो मिळत नसे, म्हणून काळे मनुके भिजवून, कुस्करून, गाळून शरबत केले जाई. कोंबडे-बकरे कापण्याचे काम विधी जाणणाऱ्याचे. बहुतेकांनी गोमांसही वर्ज्य मानले. ज्यू धर्मशास्त्राला त्याची हरकत नाही, पण शेजाराला होती. पास्त्रामी ज्या मांसावर उभी आहे, ते या घरांत आलेच नाही.

सणांची नावे ऐका, म्हणजे किती खोल मिसळण झाली ते कळते. नववर्षाला नव्याचा सण, पुढे खिरीचा सण. जेरुसलेमचे मंदिर पडले त्या दुःखाच्या दिवसाला बिरड्याचा सण, कारण त्या दिवसांत मांस वर्ज्य आणि ताटात मोड आलेल्या वालाचे बिरडे. दोन हजार वर्षांपूर्वी पडलेल्या मंदिराचा शोक वालाने पाळणारे लोक जगात दुसरीकडे कुठे नसतील. मला ही या साऱ्या कहाणीतली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

आणि मलिदा. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलची, सुका मेवा, वर फळांचे काप. एलियाहू हानाबी, म्हणजे पैगंबर एलिया, याच्या नावाने नवस बोलायचा, तो फळला की ताट मांडायचे, प्रार्थना म्हणायची आणि सर्वांना वाटायचे. लग्नाआधी मलिदा, नव्या घरात मलिदा, परदेशी जाण्याआधी मलिदा. अलिबागजवळ खंडाळे गावात एलियाहू हानाबीचा टप्पा आहे. त्याचा रथ तिथे उतरल्याच्या खुणा खडकावर आहेत अशी श्रद्धा असून तिथे नवस फेडायला लोक जातात. नवसाचे ताट विकायला ठेवत नाहीत. हातावर घेतात आणि वाटतात. दुकान न निघण्याचे एक कारण हेही आहे, आणि मला ते योग्य वाटते.

1948 मध्ये इस्रायल झाले. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वीस-पंचवीस हजार ज्यू होते, त्यांत मोठा वाटा बेने इस्रायलींचा. त्यांतले बहुतेक पुढच्या काही दशकांत निघून गेले आणि दिमोना, अश्दोद, लोद, रामले, बीरशेबा अशा गावांत वसले. तिथे त्यांना आधी आपण ज्यू आहोत हेच सिद्ध करावे लागले. तिथल्या मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत शंका काढली, त्याविरुद्ध समाजाने आंदोलन केले आणि 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत पूर्ण ज्यू म्हणून मान्यता द्यावी असा ठराव केला. भाषा मराठी, रंग सावळा, जेवणात तिखट. पहिल्यांदाच हे लोक परक्या मुलखात होते.

आणि तिथे दुकाने निघाली. पोहे, मसाले, डाळी, लोणची विकणारी किराणा दुकाने, मग भेळ, समोसा, मिठाई. इस्रायलमधली भारतीय उपाहारगृहे पुष्कळदा शाकाहारी असतात, त्याचे कारणही कोशरमध्येच सापडते. दूध-तुपाची मिठाई आणि मटण एका स्वयंपाकघरात ठेवायचे तर भांडी वेगळी, धुणे वेगळे, देखरेख वेगळी. त्यापेक्षा मांसच नको, म्हणजे पनीर, लस्सी, पेढे सगळे करता येते. न्यूयॉर्कच्या डेलीने मांस ठेवून दूध सोडले, यांनी दूध ठेवून मांस सोडले. इथे असताना अलिबागकराने कोळंबी टाळली होती, आता तो बासुंदी विकू लागला. मराठीही तिथे टिकली. समाजाचे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघत असे.

इकडे उरलेले थोडे आहेत. भारतात ज्यूंची संख्या आज चार-पाच हजारांच्या आसपास, त्यांतले बरेचसे मुंबई-ठाण्यात. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. एस्थर डेव्हिड यांचे भारतीय ज्यूंच्या पाककृतींवरचे इंग्रजी पुस्तक 2021 साली आले. पास्त्रामी आता वांद्र्याच्या काही कॅफेंत दिसते. राज्यात 1976 च्या कायद्याने गाईच्या आणि 2015 पासून बैलाच्याही कत्तलीला बंदी असल्याने ती म्हशीच्या मांसाची किंवा कोंबडीची असते. म्हणजे मुंबईच्या उपनगरात बसून न्यूयॉर्कच्या ज्यूंचे जेवण मागवता येते. शेजारच्या ठाण्यातल्या ज्यूंचे मागवता येत नाही.

मलिदा दुकानात येऊ नये, पण चिकाचा हलवा का येऊ नये? नव्याच्या सणाला तो करतात. गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढायचा, त्यात नारळाचे दूध आणि साखर घालून मंद आचेवर हात न थांबवता हलवत राहायचे, घट्ट झाला की थापून वड्या पाडायच्या. दोघी-तिघी आळीपाळीने कालथा धरतात, तेव्हा तो जमतो. आजच्या घरात तितके हात नसतात, म्हणून काहीजणी चायना ग्रास घालून काम सोपे करतात. पण तो वेगळा पदार्थ होतो. माहीमचा हलवा खोक्यात भरून गावोगाव जातो, तर नारळाच्या दुधाचा हा हलवाही जाऊ शकेल. त्यात दूध-तूप नसल्याने कोशर घरात मटणाच्या जेवणानंतरही तो चालतो. ठाण्यात सिनेगॉग असलेल्या वस्तीत एखादीने तो आठवड्यातून एक दिवस जरी केला, तरी घेणारे फक्त ज्यू नसतील. नवघरला वालाचे बिरडे खाणारी माणसे आहेत, चीक काढायची रीत त्यांच्याही आज्यांना येत होती.