डिस्क दिसत नाही? ‘फॉरमॅट’ दाबण्याआधी यादी बघा

कोल्हापूर : राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली, की नदीकाठच्या गावांत जनावरांबरोबर दूध संस्थेचा कॉम्प्युटरही हलवायची तयारी सुरू होते. २०१९ आणि २०२१च्या महापुरानं तेवढं शिकवलं. खरा घोळ होतो तो सगळं परत जोडताना. फॅट, एसएनएफ आणि बिलांच्या नोंदी ज्या बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवल्या, ती ‘धिस पीसी’मध्ये दिसतच नाही. नाहीतर ‘डिस्क फॉरमॅट करा’ अशी पाटी येते. घाईत कुणीतरी ‘होय’ दाबतं आणि वर्षभराचा हिशेब अडचणीत येतो.

आधी डिस्कची यादी बघावी. विंडोजमध्ये स्टार्टवर जाऊन इंग्रजीत ‘सीएमडी’ शोधा, राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ घ्या. काळ्या खिडकीत ‘डिस्कपार्ट’ हा शब्द जोडून टाइप करा, एंटर मारा. मग ‘लिस्ट डिस्क’.

डिस्क ०, डिस्क १ अशा ओळी येतील. शून्य नंबरची बहुतेक वेळा कॉम्प्युटरची स्वतःची असते, पण नंबरावर विसंबू नका, साइज बघा. १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसेल. फसवणूक नाही, कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज १०२४नं. ‘फ्री’ म्हणजे रिकामी जागा नव्हे, पार्टिशन न केलेली जागा. तिथं शून्य दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

पुढं ‘लिस्ट व्हॉल्यूम’. तुमच्या डिस्कच्या साइजच्या ओळीत ‘एनटीएफएस’ लिहिलंय, पण ड्राइव्हचं अक्षर नाही, तर डेटा बहुधा शाबूत आहे, नुसतं अक्षर द्यायचं राहिलंय. ‘रॉ’ लिहिलं असेल तर विंडोजला आतली मांडणी वाचता येत नाही. अशा वेळी फॉरमॅट न करता डेटा काढून देणाऱ्याकडं न्या. डिस्क यादीतच नसेल तर आधी केबल आणि पोर्ट बदलून बघा. काही शे एमबीच्या बिनअक्षराच्या छोट्या ओळी विंडोजच्या कामाच्या असतात, त्यांना हात लावू नये.

यादी बघून काहीच पुसलं जात नाही. पुसतो तो ‘क्लीन’ हा शब्द. तो ‘नक्की का?’ असंही विचारत नाही, निवडलेल्या डिस्कची सगळी पार्टिशनं उडवतो. इंटरनेटवरच्या व्हिडिओत सांगितलं तरी टाइप करू नका.

यादीचा मोबाइलवर फोटो काढा, ‘एक्झिट’ टाइप करून बाहेर पडा. दुरुस्तीवाल्याला फोटो आधी व्हॉट्सॲप केला तर निम्मे प्रश्न तिथंच मिटतात. उबंटूवाल्यांना एवढाही व्याप नाही, टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ टाइप केलं की झालं.

पुरात भिजलेली डिस्क मात्र यादी बघायलासुद्धा जोडू नका. वीज न देता तशीच जाणकाराकडं न्या.