कोलेस्टेरॉलची गोळी आणि आकडी



गेल्या हंगामातली गोष्ट. आमच्या एका गटातले साठी ओलांडलेले सभासद बांधावर उभे राहून तोडणी बघत होते. बघता बघता त्यांचे हातपाय ताठ झाले आणि तोंडाला फेस आला. कोणी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी चप्पल हुंगवली. दोन-तीन मिनिटांत आकडी आपोआप थांबली. वर्षापूर्वी त्यांच्या हृदयाची अँजिओप्लास्टी झाली होती आणि तेव्हापासून रोज रात्री कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती. घरच्यांनी जागच्या जागी निकाल दिला, "ह्या गोळीनंच आकडी आणली!" आणि गोळ्या गेल्या उकिरड्यावर.

पुढे डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅन काढला, तेव्हा खरे कारण कळले. मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी पूर्वी केव्हातरी तुंबून गेली होती. त्या जुन्या जखमेतून आकडी उठली होती. उतारवयात पहिल्यांदा आकडी येते, तेव्हा पुष्कळदा मुळाशी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे दुखणेच असते. म्हणजे दोष गोळीचा नव्हता; ज्या दुखण्यासाठी गोळी दिली होती, त्या दुखण्याचा होता. आणि घरच्यांनी फेकली ती नेमकी राखणदाराची काठी!

या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. त्यांचा मूळ शोध जपानच्या अकिरा एंडो यांचा. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या या माणसाला १९७३ साली एका बुरशीत हे द्रव्य सापडले. आपले यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल तयार करते. गव्हाणीवर ऊस कमी टाकला की पुढे गाळप कमी होते, तसे ही गोळी यकृतातले काम सुरुवातीलाच मंद करते. स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवर सिम्व्हास्टॅटिनची चाचणी झाली, तिचा निकाल १९९४ साली आला. गोळी घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. अशी गोळी मनाने सोडणे म्हणजे काय, ते सभासदांनीच ठरवावे.

मग आकडीचे काय? २०१० साली कॅनडातील हृदयरुग्णांच्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळी चालू असणाऱ्यांना फेफऱ्यासाठी दवाखान्यात दाखल होण्याचा धोका वाढलेला नव्हता; उलट सुमारे एक तृतीयांश कमी होता. पण लगेच "आकडीवर ही गोळी घ्या" असे कोणी समजू नये. ठिबकवाल्याचा उतारा जास्त पडतो खरा; पण ठिबक करणारा माणूस मुळातच खत-पाणी वेळेवर देणारा असतो. उतारा ठिबकने वाढला की काळजीने, हे नुसत्या नोंदवहीवरून सांगता येत नाही. तसेच हे आहे. ही गोळी आकडीचे औषध नव्हे, एवढे नक्की.

खरी सावधगिरी दुसरीकडे आहे. ज्यांना आधीपासून फिटच्या गोळ्या आहेत, त्यांनी नीट वाचावे. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन ही औषधे यकृताला जादा कामाला लावतात. त्यामुळे सिम्व्हास्टॅटिन किंवा अटोर्व्हास्टॅटिन शरीरातून लवकर निघून जाते. खत टाकले आणि पाटाच्या पाण्याने वाहून गेले, अशी गत होते. शिवाय या फिटच्या गोळ्यांनी काहींचे कोलेस्टेरॉल वाढते. यावर उपाय आहेत : डॉक्टर गोळी बदलतात, मात्रा बदलतात, रक्त तपासतात. पण त्यांना दोन्ही गोळ्या ठाऊक पाहिजेत! हृदयाचा डॉक्टर एक, मेंदूचा दुसरा, आणि चिठ्ठ्या मात्र फडताळात, असे चालणार नाही.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे :

डॉक्टरकडे जाताना घरातली सगळी पाकिटे एका पिशवीत घालून न्या.

फिटची गोळी एकदम कधीही बंद करू नका. न थांबणारी आकडी येऊन जिवावर बेतू शकते.

स्टॅटिन चालू असताना अंग फार दुखू लागले किंवा लघवी गडद झाली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

मधुमेहाचे इंजेक्शन घेणाऱ्याला आकडी आली, तर रक्तातली साखर फार उतरली नाही ना, हे आधी तपासून घ्या.

कोणाला आकडी आली, तर त्याला कुशीवर वळवा, कपडे सैल करा, जवळचा कोयता-दगड बाजूला सारा. तोंडात चमचा नको, पाणी नको, कांदा-चप्पलही नको. पाच मिनिटांत थांबली नाही, तर तडक दवाखाना गाठा.

आमच्या त्या सभासदांच्या दोन्ही गोळ्या आज डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहेत, आणि यंदाही ते बांधावर उभे आहेत.

जय सहकार!