सूर्यकिनाऱ्यावरची काकवी

स्पेनमध्ये काय पाहिले, असे कोणी विचारले की माझ्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘काकवी’, आणि विचारणारा माझ्या तोंडाकडे पाहत राहतो. राजवाडे सांगावेत, बैलांच्या झुंजीचे आखाडे सांगावेत, निदान समुद्र तरी सांगावा! काकवी पाहायला कोल्हापूरच्या माणसाने इतके लांब कशाला जावे? पण झाले ते असे.

माझा मेहुणा मालागा शहरात संगणकाच्या नोकरीत आहे. ‘दाजी, एकदा याच’ असा त्याचा दोन वर्षे धोशा चालला होता. शेवटी गेल्या मे महिन्यात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे करून, मी, सौ. आणि आमची बारा वर्षांची कन्या असे तिघे तिकडे जाऊन धडकलो. स्पेनच्या दक्षिणेला आंदालुसिया नावाचा प्रांत आहे. त्याच्या भूमध्य समुद्राकडल्या या पट्टीला ‘कोस्ता देल सोल’, म्हणजे सूर्याचा किनारा म्हणतात. वर्षाचे तीनशे दिवस येथे ऊन पडते असे तिकडची मंडळी अभिमानाने सांगतात. उन्हाचा अभिमान धरायचा असतो, ही गोष्ट देशावरच्या माणसाला पचायला जरा वेळ लागतो.

सौ.ने विमानातच अट घातली होती. “आठ दिवस समुद्राकाठी स्वस्थ बसायचं. किल्ले नाहीत, शिलालेख नाहीत, आणि तुमची व्युत्पत्ती तर मुळीच नाही.” मी मान डोलावली. संसारात अशा मान डोलावण्याला काय किंमत असते ते वाचक जाणतातच.

पहिले दोन दिवस मी शब्द पाळला. गोऱ्या मंडळींनी पैसे मोजून खुर्च्या घ्याव्यात आणि स्वतःला दोन्ही बाजूंनी खरपूस भाजून घ्यावे, आणि आम्ही तिघांनी सावली सरकेल तसतसे सरकत जावे, असा कार्यक्रम चालला. सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे जेवायची वेळ कोणती हेच कळेनासे होते. वाळूत एक जुनी होडी ठेवलेली, होडीत वाळू भरलेली, त्या वाळूवर लाकडांचा जाळ आणि जाळाशेजारी बोरूच्या काडीत ओवून खोचलेल्या पाच-सहा तारल्या, हा या किनाऱ्याचा खास मेवा. ज्या महिन्यांच्या नावात ‘र’ नाही त्या महिन्यांत तारली उत्तम, असा तिकडचा जुना आडाखा आहे. मे, जून, जुलै, ऑगस्ट! त्यांच्या भाषेतही ‘र’ नाही आणि आपल्याही नाही, म्हणून मी निःशंक मनाने दोन काड्या संपवल्या.

खुद्द मालागा शहर एका दिवसात आरामात पायी होते. टेकडीवर अरबांची गढी, तिच्या पायथ्याशी रोमन नाट्यगृह. हे नाट्यगृह शतकानुशतके मातीखाली गाडलेले होते, ते १९५१ साली उजेडात आले. मोठ्या चर्चला दोन मनोरे व्हायचे होते, पण दुसरा अर्धाच राहिला, म्हणून लोक त्या चर्चला प्रेमाने ‘थोटी’ म्हणतात. चित्रकार पिकासो १८८१ साली ज्या घरात जन्मला ते एका चौकाच्या कोपऱ्यावर आहे. मेहुण्याला मात्र या सगळ्यापेक्षा घरभाड्याची चिंता. पाहुण्यांना चार दिवसांसाठी घरे भाड्याने देण्याचा सपाटा असा, की शहरातल्या माणसांना राहायला जागा मिळेना. २०२४ च्या जूनमध्ये हजारो लोकांनी त्यासाठी रस्त्यावर मोर्चा काढला. हे ऐकल्यावर आपणही पाहुणेच, हे आठवून मी जरा अंग चोरून चालू लागलो.

दुसऱ्या रात्री आमची अट मोडली, आणि ती मोडली खुद्द सौ.ने. ती माळकरी घराण्यातली, तेव्हा मासळीच्या त्या राज्यात तिच्यासाठी काय मागवायचे हा रोजचाच प्रश्न. मेहुण्याने वांग्याचे काप सांगितले. लांबट, कुरकुरीत तळलेले काप आले आणि त्यांवर काळसर, दाट असे काहीतरी धार धरून ओतलेले. सौ.ने एक तुकडा तोंडात घातला आणि डोळे मोठे केले.

“अहो, ही काकवी आहे!”

वाढप्या म्हणाला, ‘मिएल दे कान्या’. म्हणजे उसाचा मध. कोठे होतो? तर मालागापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, डोंगरातल्या फ्रिखिलियाना नावाच्या गावात. “उद्या जाऊ या का?” सौ. म्हणाली. मी समुद्राकडे पाहिले आणि काही बोललो नाही.

सकाळच्या बसने निघालो. रस्ता सारा समुद्राच्या काठाने, डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला निळे पाणी, मध्ये पांढऱ्या घरांची गावे. प्रथम नेर्खा. गावाजवळच मोठी गुहा आहे. १९५९ च्या जानेवारीत पाच मुले वटवाघळे पकडायला म्हणून एका भोकातून आत शिरली आणि पाहतात तो आत दगडाचे देऊळच्या देऊळ! पुढच्याच वर्षी ती लोकांना खुली झाली. आतला चुनखडीचा एक खांब सुमारे बत्तीस मीटर उंच आहे. कन्येला गुहेपेक्षा ती पाच मुले फार आवडली. बाहेर आल्यावर नेर्खाच्या कड्यावरच्या प्रसिद्ध सज्जात उभे राहून समुद्र पाहावा आणि मग फ्रिखिलियानाची छोटी बस धरावी. अंतर फक्त सहा किलोमीटर, पण चढ चांगला आहे.

गाव पांढरेशुभ्र. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही बाजूंच्या शेजारणींनी खिडकीतून विरजण द्यावे-घ्यावे. पायऱ्यांवर बारीक गोट्यांची नक्षी. एका दुकानात ताजा रस काढत होते. पाटीवरचा शब्द कन्येने वाचला, मामाने उच्चार सुधारला.

“नारांखा. बाबा, म्हणजे नारिंगच ना?”

मी सौ.कडे पाहिले. तिने हात जोडले. “सांगा आता.”

मग काय! सुमारे आठशे वर्षे स्पेनच्या कमी-अधिक भागावर मुसलमानांची सत्ता होती. त्यांनी नारिंगे आणली, ऊस आणला, वांगी आणली, आणि मालाबरोबर नावेही आणली. आपले ‘नारंग’ फारसी-अरबीतून फिरत ‘नारांखा’ झाले, ‘शर्करा’ ‘आसूकार’ झाली, संस्कृतातले ‘वातिंगण’ ‘बेरेनखेना’ झाले. चतुरंगाचे ‘आखेद्रेस’ झाले. तिकडच्या नगराध्यक्षाला ‘आल्काल्दे’ म्हणतात, तो आपला काझी. जकातीच्या कचेरीला ‘आदुआना’ म्हणतात, त्यात दिवाण बसला आहे. मालागातून वाहणारी कोरडी नदी ‘ग्वादालमेदिना’, म्हणजे ‘वादी-अल-मदीना’, शहराची नदी. आदल्या रात्री सौ.ने जे ताट चाखले त्यातली वांगी आणि काकवी दोन्ही आपल्याकडूनच टप्प्याटप्प्याने तिकडे पोहोचली होती.

पण फ्रिखिलियानाच्या गल्ल्यांतून वर चढत गेले की भिंतींवर चिनीमातीच्या फरश्या बसवलेल्या दिसतात, आणि त्यांवर लिहिलेली कथा गोड नाही. १४९२ साली ग्रॅनाडाचे शेवटचे मुसलमान राज्य पडले तेव्हा तुमचा धर्म, तुमच्या चालीरीती तुम्हाला राहतील असे वचन लेखी दिलेले होते. दहा वर्षांत ते मोडले. लोकांना बाप्तिस्मा घ्यायला लावला. पुढे १५६७ साली दुसऱ्या फिलिप राजाचा हुकूम निघाला की तीन वर्षांत सर्वांनी स्पॅनिश शिकावे, त्यानंतर अरबी बोलायची नाही, वाचायची नाही, लिहायची नाही, घरातसुद्धा नाही. पोशाख बंद, नावे बंद, हमामखाने बंद. भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला हे वाचताना कसे वाटले असेल ते वेगळे सांगत नाही. लोक उठले. १५६९ च्या उन्हाळ्यात या गावामागच्या कड्यावर त्यांचा मोड झाला. त्यानंतर उरलेल्यांना इकडेतिकडे पांगवले आणि १६०९ पासून पाच वर्षांत साऱ्या स्पेनमधून सुमारे तीन लाख माणसे देशाबाहेर काढली. ज्या भाषेला घरातही बंदी झाली तिचे शब्द मात्र काढणाऱ्यांच्याच तोंडी राहिले. चार हजारांच्या आसपास भरतात.

गावाच्या तोंडाशी सोळाव्या शतकातला एक भक्कम वाडा आहे, त्यातच काकवीचा कारखाना. युरोपात असा दुसरा उरलेला नाही म्हणतात. ऊस मात्र या किनाऱ्यावर आता पिकत नाही. शेवटचा गळीत हंगाम २००६ साली झाला. उसाच्या जागी आता आंबा आणि अव्होकाडो. आंबा पाहून सौ. खूश झाली, पण मोहोरलेली झाडे पाहून आंब्याची पारख होत नाही, असे म्हणून तिने मत राखून ठेवले.

संध्याकाळी परतलो तो मेहुण्याची घरमालकीण दारातच भेटली. पंच्याहत्तरीची बाई, खालच्याच मजल्यावर राहते. कोठे गेला होता, काय पाहिले, चौकशी झाली. सौ.ने मोठ्या उत्साहाने काकवीची गोष्ट सांगितली. बाई ऐकत राहिल्या. मग मेहुण्याला म्हणाल्या, यांना आत घेऊन ये.

पुढचे त्या बोलल्या आणि मेहुण्याने मराठीत सांगितले. स्पेनमध्ये यादवी चालू होती. १९३७ च्या फेब्रुवारीत फ्रँकोच्या बाजूचे सैन्य आणि त्याच्या मदतीला आलेले इटालियन मालागात घुसले. त्याआधीच शहर रिकामे होऊ लागले होते. आल्मेरियाकडे जायला एकच रस्ता मोकळा होता, दोनशेहून अधिक किलोमीटरचा, समुद्राच्या काठाने. म्हणजे आम्ही सकाळी खिडकीतून कौतुकाने पाहत गेलो तोच. लाखाहून अधिक माणसे पायी निघाली. समुद्रावरून लढाऊ जहाजे तोफा डागत होती, वरून विमाने.

“आई नऊ वर्षांची होती,” बाई म्हणाल्या. “दिवसा उसात लपायचं, रात्री चालायचं. खायला ऊसच. निघाले तेव्हा घरची सहा माणसं होती, आल्मेरियाला चार पोहोचली. त्याच्यापुढे आई कधी सांगत नसे. पण आमच्या घरात काकवीची बाटली कधी आली नाही. कुणाच्या घरी वास आला तरी ती उठून जायची.”

फ्रँको १९७५ साली वारला. तोवर ही गोष्ट उंबऱ्याबाहेर बोलण्याची सोय नव्हती. त्या रस्त्यावर किती माणसे मेली याचा नक्की आकडा नाही. तीन हजारांपासून पाच हजारांपर्यंत अंदाज आहेत.

त्या रात्री सौ. बराच वेळ जागी होती. सकाळी म्हणाली, “त्या रस्त्यावर परत जाऊ या. बसमधून नको, पायी.” मालागाच्या पूर्वेच्या कडेला समुद्राकाठी एक पायवाट आहे, तिला ‘कॅनडावाल्यांची वाट’ असे नाव दिले आहे. ते नाव नॉर्मन बेथ्यून नावाच्या डॉक्टरामुळे. हा कॅनडाचा डॉक्टर रक्ताच्या बाटल्या गाडीत घालून आघाडीवर निघाला होता, तो वाटेत समोरून येणारा हा लोंढा त्याला भेटला. त्याने गाडी रिकामी केली आणि आपल्या साथीदारांबरोबर रात्रंदिवस पोरे आणि आजारी माणसे आल्मेरियाला पोहोचवण्याच्या खेपा केल्या. नंतर त्याने यावर पुस्तिकाही लिहिली.

पायवाटेवर कोणी नव्हते. दोन मुले गळ टाकून बसली होती. “बेथ्यून,” मी कन्येला म्हणालो, “इथून पुढे चीनमध्ये गेला आणि १९३९ साली तिथेच वारला. त्याच्या नावाचं इस्पितळ काढलं, त्याचा प्रमुख कोण झाला ठाऊक आहे? आपल्या सोलापूरचा डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस.” कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यक पथकातून गेले आणि बत्तिसाव्या वर्षी, १९४२ साली तिकडेच गेले. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. माझ्या वडिलांच्या तोंडी त्याचे नाव नेहमी असे. कन्येने एकदा रस्त्याकडे पाहिले, एकदा समुद्राकडे. “सोलापूर!” एवढेच म्हणाली.

उरलेले दिवस रीतसर सहलींचे गेले. रोंदा शंभर किलोमीटरवर आहे, सकाळी जाऊन रात्री परत येता येते. खोल दरीवर १७९३ साली पुरा झालेला पूल जवळजवळ शंभर मीटर उंच. तो वरून पाहून परतू नये, पायवाटेने खाली उतरून पाहावा. आंतेकेराची पाच हजार वर्षांहून जुनी दगडी थडगी तासाभराच्या वाटेवर आहेत. लोक ती गाळतात, ही चूक. ग्रॅनाडाला मात्र मीच घोटाळा केला. अल्हम्ब्राचा राजवाडा पाहायचा तर तिकीट कित्येक आठवडे आधी, पारपत्राचा क्रमांक देऊन काढावे लागते आणि आतल्या महालांत जायची वेळही ठरलेली असते. मी दोन दिवस आधी चौकशी केली! समोरच्या टेकडीवरून तांबूस भिंती आणि त्यांच्या मागचे बर्फाचे डोंगर पाहिले. तेही थोडके नव्हते, पण सौ.ने हा विषय अद्याप मिटवलेला नाही.

निघायच्या दिवशी सामान खाली उतरवत असताना घरमालकीणबाई बाहेरून येऊन दारात उभ्या राहिल्या. हातात कागदात गुंडाळलेली बाटली. मेहुण्याने सांगितले: “त्या म्हणतायत, आई जाऊन वीस वर्षं झाली. ही बाटली त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विकत घेतली. पण घरात नाही नेली, दुकानातून थेट तुमच्याकडे आल्या.” सौ.ने ती दोन्ही हातांनी घेतली आणि त्यांना वाकून नमस्कार केला. बाईंना तो कळला असावा, कारण त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

बाटली साड्यांच्या घडीत कोल्हापूरपर्यंत सुखरूप आली. माझ्या आईने बोट बुडवून चाखली. “चांगली आहे,” म्हणाली, “आपल्या गुऱ्हाळातल्यापेक्षा जरा कडसर.” आणि थोड्या वेळाने भाकरीवर घालून आणखी मागून घेतली.