एक ब्रँड, तीन लिप्या (लेखांक 6)

मागच्या आठवड्यात रंगांचे नियम पाहिले; आज अक्षरांचे पाहू. चित्रे, व्हिडिओ, मांडणी यांची सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीची वेबसाइट हा तिच्या कामाचा पहिला नमुना असतो. म्हणून फॉन्ट कोणता, दोन अक्षरांत अंतर किती, ओळीची उंची किती, हे तिच्या दृश्य नियमावलीत काटेकोर ठरलेले असते. पण ही मापे बहुधा रोमन अक्षरे समोर ठेवून काढलेली असतात आणि पान मराठीत किंवा कन्नडमध्ये आले की तीच लावली जातात. ब्रँडचे रूप एक राखायचे, तर मापे लिपीगणिक वेगळीच हवीत, असे माझे ठाम मत आहे.

बेळगावच्या कॅम्पात इंग्रजी, कन्नड आणि मराठी पाट्या एका नजरेत येतात, तेव्हा फरक समजायला तज्ज्ञ लागत नाही. रोमनमध्ये शीर्षक मोठ्या लिपीतल्या अक्षरांनी उठून दिसते. देवनागरीत आणि कन्नडमध्ये असा भेदच नाही, तिथे जाडी आणि आकार यांवरच भिस्त. रोमन अक्षरे ऐसपैस मांडली तर शोभतात. देवनागरीत तेच केले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ‘कर्तृत्व’ या एका शब्दात वर रफार आणि खाली ऋकार आहे. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग मुख्य अक्षराच्या खाली उतरतो. रोमनच्या मापाने आवळलेल्या ओळींत ही चिन्हे एकमेकांवर आदळतात. शिवाय मराठीची स्वतःची वळणे आहेत. महाराष्ट्राच्या 2009च्या शासन निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण मानले. काही फॉन्टांत ही रूपे असतात, पण पानाची भाषा मराठी अशी नोंदवली तरच ती उमटतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला भेद तर अर्थाचाच आहे.

यावर आक्षेप असा, की वेगवेगळ्या मापांनी ब्रँडची ओळख विस्कळीत होईल. उलट अनुभव पाहा. अ‍ॅडोबीच्या स्पेक्ट्रम नियमावलीत मजकुराच्या ओळीची उंची रोमनसाठी अक्षराच्या 1.5 पट, तर चिनी-जपानी-कोरियनसाठी 1.7 पट धरली आहे. म्हणून काही ती कंपनी वेगळी भासत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. तो आता टिकत नाही: मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट विनामूल्य आहेत, आणि ‘बालू’ देवनागरीप्रमाणे कन्नडमध्येही आहे. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला इंग्रजी कळतेच, हा तिसरा युक्तिवाद मला सर्वांत पोकळ वाटतो. कळणे वेगळे आणि आपली लिपी नीट मांडलेली दिसणे वेगळे; मांडणीचेच साधन विकणाऱ्याने तरी हे जाणायला हवे.

कॅम्पात किंवा निपाणीत बसून वेबसाइट घडवणाऱ्यांना एक विनंती: ओळीची उंची पक्की करण्याआधी ‘कर्तृत्व’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे शब्द दोन ओळींत वरखाली लावून पाहा, शेजारी कन्नड मजकूर ठेवा, आणि मगच आकडा लिहा.