दारापुढें उभीं राहिलेलीं माणसें

ऑस्ट्रेलिया म्हटलें कीं मेंढ्यांचे कळप, कांगारू आणि क्रिकेटचा संघ एवढेंच बहुधा आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. तेथील खेड्यापाड्यांतील माणसें कशा घरांत राहत, काय नेसत, हें आपणांस ठाऊक असण्याचें कारण नाहीं. परंतु दीडशें वर्षांपूर्वींच्या तेथील कांहीं वस्त्यांचीं इतकीं बारकाईचीं छायाचित्रें आज उपलब्ध आहेत कीं, आपल्या पणजोबांच्या गांवांचीं तशीं क्वचितच सांपडतील. तीं कशीं निघालीं, आणि घरगुती फोटो इतिहासाचा पुरावा केव्हां होतो, याविषयीं आज थोडें सांगावयाचें आहे.

न्यू साउथ वेल्समधील गलगाँग व हिल एंड हीं गांवें सोन्याच्या खाणींमुळें एकाएकीं गजबजलीं. १८७२ सालीं ब्यूफॉय मर्लिन नांवाचा फिरता छायाचित्रकार चार्ल्स बेलिस या तरुण साहाय्यकाला घेऊन तेथें पोंचला. मर्लिनची पद्धत शिस्तीची होती. चार सुंदर देखावे टिपून तो पुढें जात नसे. रस्त्यावरील घर न् घर, दुकान न् दुकान टिपावयाचें, आणि त्या घरच्या मंडळींना दारापुढें उभें करावयाचें, असा त्याचा परिपाठ. झाडांच्या सालींनीं शाकारलेल्या झोपड्या, दुकानांच्या पाट्या, मूल कडेवर घेतलेल्या बायका, धुळीनें माखलेले खाणकामगार, सारे त्यांत आले.

हें काम सोपें नव्हतें. त्या वेळीं चालू असलेली ओल्या कांचेची रीत फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलेली होती. कलोडियन नांवाचा चिकट द्रव कांचेवर पसरावयाचा. ती कांच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणांत बुडवावयाची. ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची. आणि सुकण्यापूर्वीं अंधारांत नेऊन रसायनांनीं तिच्यावरील चित्र उमटवावयाचें. सारा खटाटोप कांहीं मिनिटांचा. म्हणून अंधारी खोली बरोबरच बाळगावी लागे. कांचेला प्रकाश कांहीं सेकंद द्यावा लागे, आणि तेवढ्यांत जो हलला तो चित्रांत पुसट झाला. यामुळेंच या चित्रांत मोठीं माणसें खांबासारखीं ताठ आणि स्पष्ट दिसतात, आणि कुत्रीं व लहान मुलें पुष्कळदां धुक्यासारखीं विरलेलीं दिसतात.

या उद्योगाला धनिकाचा आधार मिळाला. जर्मनींत जन्मलेला बर्नहार्ट होल्टरमन हा हिल एंड येथील एका खाणीचा भागीदार होता. १९ ऑक्टोबर १८७२ रोजीं त्या खाणींत गारगोटी व सोनें यांचा सुमारें २८६ किलोग्रॅम वजनाचा प्रचंड खंड सांपडला. ऑस्ट्रेलियाचें दर्शन परदेशांतील लोकांस घडवावें या हेतूनें होल्टरमननें मर्लिन व बेलिस यांजकडून छायाचित्रें काढविलीं. मर्लिन १८७३ सालीं वारला. काम बेलिसनें पुढें चालविलें. त्या सोन्याच्या खंडाशेजारीं होल्टरमन उभा आहे असें एक चित्र फार प्रसिद्ध आहे; परंतु तें निरनिराळीं चित्रें जोडून बनविलेलें आहे! तेव्हां कॅमेरा खोटें बोलत नाहीं ही समजूत त्या काळींही खरी नव्हती. पुरावा म्हणून जें चित्र पुढें येईल, तें कोणी, कशासाठीं काढलें, हें विचारलेंच पाहिजे.

पुढें या कांचा विस्मृतींत गेल्या. १९५१ सालीं सिडनीच्या चॅट्सवुड उपनगरांत, बागेंतील एका छपरांत, त्यांतील सुमारें ३,५०० कांचा नीट रचून ठेविलेल्या सांपडल्या. होल्टरमनच्या कुटुंबियांनीं त्या फेंकून दिल्या नव्हत्या, एवढेंच त्यांचें भाग्य. आज तो संग्रह न्यू साउथ वेल्सच्या राज्य ग्रंथालयांत आहे, आणि २०१३ सालीं युनेस्कोच्या जगाच्या स्मरणीय दस्तऐवजांच्या ऑस्ट्रेलियन यादींत त्याची नोंद झाली. प्रत्येक कुटुंबानें आपलेंच घर पाहण्यासाठीं ही चित्रें घेतलीं असतील. तीं ओळीनें मांडतांच त्यांतून अख्खें गांव उभें राहिलें. माणूस, त्याचें घर आणि गांव हीं तिन्ही एका कांचेवर आलीं, हेंच या संग्रहाचें मोल.

आतां याची दुसरी बाजू पाहूं. त्याच सुमारास क्लॅरेन्स नदीकांठच्या ग्राफ्टन गांवीं जॉन विल्यम लिंड्ट या छायाचित्रकारानें तेथील मूळच्या रहिवाशांचीं चित्रें काढलीं. हीं माणसें त्याच भूमीचीं, पण त्यांना त्यानें आपल्या चित्रशाळेंत आणलें, रंगविलेल्या पडद्यापुढें झाडपाला मांडला आणि त्यांत त्यांना बसविलें. चित्रें सुबक उतरलीं, दूरदूर विकलीं गेलीं. मात्र तीं कोणाचीं, हें त्यांवर लिहिलें गेलें नाहीं. खाणीच्या गांवांत माणसें आपल्या दारापुढें उभीं राहिलीं. येथें माणसाचें दारही गेलें आणि नांवही गेलें. अलीकडे संशोधकांच्या व वंशजांच्या चिकाटीनें त्यांतील कांहींचीं नांवें परत मिळालीं आहेत.

नांवाचें महत्त्व किती, हें दुसऱ्या एका उदाहरणावरून कळेल. १९३८-३९ सालीं नॉर्मन टिंडेल व जोसेफ बर्डसेल हे मूळ रहिवाशांच्या वस्त्यांतून हिंडले. शरीरांचीं मापें घेऊन माणसांची वर्गवारी करण्याचा त्यांचा हेतु आज कोणास रुचणार नाहीं. परंतु टिंडेलनें छायाचित्रांबरोबर नांवें व वंशावळीही लिहून ठेविल्या. विसाव्या शतकांत सरकारी धोरणामुळें हजारों मुलें आईबापांपासून काढून नेण्यांत आलीं होतीं. त्या दुःखाची चौकशी होऊन १९९७ सालीं अहवाल प्रसिद्ध झाला. अशा तुटलेल्या घरांतील माणसांना आपल्या आजीचा चेहरा प्रथम दिसला तो कित्येकदां या संग्रहांतच. तेथील पुष्कळ समाजांत मृताचें नांव व चित्र सहसा पुढें आणीत नाहींत. म्हणून तेथील ग्रंथालयें अशा संग्रहांपूर्वीं तशी सूचना देतात. चित्र कागदावर असलें तरी त्यावरील पहिला हक्क घरच्यांचा, हें त्यांनीं मान्य केलें आहे.

१९०० सालीं एका डॉलरला मिळणारा ब्राउनी कॅमेरा निघाला, आणि पुढें फिरत्या छायाचित्रकाराची वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं. आज तर प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे. चित्रें उदंड झालीं. त्यांवरील अक्षरें मात्र कमी झालीं. श्रोतेहो, आपल्या ट्रंकेंत जुने फोटो असतील. त्यांतील माणसें ओळखणारें कोणी वडील माणूस अजून घरांत असेल, तर त्यांच्याजवळ बसून प्रत्येक फोटोच्या पाठीमागें मऊ पेन्सिलीनें, कडेला, हलक्या हातानें लिहून ठेवा: कोण, कोठें, केव्हां. शाई पुढच्या बाजूस फुटते, म्हणून ती वापरूं नका. आणि हें काम या आठवड्यांतच करा. कारण फोटो आणखी शंभर वर्षें टिकेल, पण त्यांतील माणसें ओळखणारे डोळे तितके दिवस राहणार नाहींत.