क्रियापदाला हात किती?

समजा, एका रुग्णापुढे एक चित्र ठेवले आहे. चित्रात एक मुलगा काठीने झाडावरचा आंबा पाडत आहे आणि खाली त्याची बहीण ओंजळ पुढे करून उभी आहे. "या चित्रात काय चालले आहे?" असा प्रश्न विचारल्यावर रुग्ण बराच वेळ धडपडतो. मग एकेक शब्द सुटा बाहेर पडतो : "मुलगा... काठी... आंबा... मुलगी..." आणि येथे तो अडतो. काठी मारल्याची खूण तो हाताने करून दाखवतो. म्हणजे चित्र त्याला नीट समजले आहे. परंतु 'पाडतो' हा एक शब्द काही केल्या त्याच्या तोंडी येत नाही.

मेंदूला इजा झाल्यामुळे भाषेत असा बिघाड होतो, त्याला वाचाघात किंवा अफेजिया म्हणतात. मेंदूचा रक्तपुरवठा अचानक खंडित होणे, म्हणजेच पक्षाघात, हे त्याचे सर्वांत मोठे कारण आहे. पक्षाघात झालेल्या रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांना सुरुवातीस वाचाघाताचा त्रास होतो.

पण मित्रहो, नामे शिल्लक राहावीत आणि क्रियापद तेवढे नाहीसे व्हावे, हे कसे? हा प्रश्न एकट्या डॉक्टरला सुटण्याजोगा नाही आणि एकट्या व्याकरणकारालाही नाही. म्हणूनच अमेरिकेत 1962 साली 'अकॅडमी ऑफ अफेजिया' ही संस्था स्थापन झाली. तिच्या वार्षिक परिषदेत मेंदूचे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, वाचोपचारतज्ज्ञ आणि भाषाशास्त्रज्ञ एकत्र बसतात. तेथे एकाच निबंधात मेंदूची छायाचित्रेही असतात आणि सकर्मक-अकर्मकाची चर्चाही असते!

पॅरिसमधील एक रुग्ण

या अभ्यासाची सुरुवात 1861 साली पॅरिसमध्ये झाली. तेथील बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक रुग्ण एकवीस वर्षे राहत होता. कोणताही प्रश्न विचारला तरी त्याच्या तोंडून 'तां, तां' एवढेच निघे. मात्र इतरांचे बोलणे त्याला बरेचसे समजत असे आणि हातवारे करून तो उत्तरेही देई. त्या वर्षी एप्रिल महिन्यात तो वारला. पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढील भागात इजा आढळली. या भागाला आज 'ब्रोकाचे क्षेत्र' म्हणतात. पुढे 1874 साली कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने वेगळ्या प्रकारच्या वाचाघाताचे वर्णन केले. त्यात रुग्ण भराभर बोलतो, पण बोलण्याला अर्थ राहत नाही आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला नीट कळत नाही. अशा रुग्णांत इजा मेंदूच्या डाव्या बाजूलाच, परंतु बरीच मागे असते.

लबोर्न्यचा मेंदू जपून ठेवलेला आहे. आधुनिक यंत्रांनी त्याची पुन्हा तपासणी करण्यात आली आणि 2007 साली असे जाहीर झाले, की इजा ब्रोकाला वाटली त्यापेक्षा पुष्कळ खोलवर पसरलेली होती. तेव्हा 'भाषेचे एक कपाट, त्यात एक कप्पा' असे सोपे चित्र पुरेसे नाही. भाषेचे काम मेंदूतील अनेक भाग जाळ्यासारखे जोडले जाऊन करतात.

पंखा आणि दिवा

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. कोणी म्हणेल, "यात नवल ते काय? क्रियापद हा शब्दच अवघड. मेंदू दुबळा झाला, की अवघड शब्द आधी जाणार." शंका रास्त आहे. तिचे उत्तर शोधण्याची रीत फार सुंदर आहे.

समजा, तुमच्या घरातला पंखा बंद पडला, पण दिवा चालू आहे. एवढ्यावरून दोघांच्या तारा वेगळ्या आहेत असे ठरत नाही. कदाचित विजेचा दाब कमी झाला असेल आणि तेवढ्यात पंखा फिरत नसेल. पण शेजारच्या, तशाच जोडणीच्या घरात नेमके उलटे घडले, म्हणजे दिवा गेला आणि पंखा जोरात फिरत राहिला, तर? मग कमी दाबाची सबब चालणार नाही. दोघांचे मार्ग कोठे तरी वेगळे आहेत असेच म्हणावे लागेल.

वाचाघाताच्या बाबतीत असे उलटे रुग्ण सापडले. इटलीतील संशोधकांनी 1984 साली दोन प्रकारच्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. जे तुटक, व्याकरणहीन बोलत होते, त्यांना वस्तूंची नावे सांगण्यापेक्षा क्रियांची नावे सांगणे जड जात होते. ज्यांचे बोलणे ओघवते होते, पण नेमके नाव आठवत नव्हते, त्यांची अडचण उलट होती. त्यांना क्रिया सांगता येत, वस्तू अडत. तेव्हा क्रियापद केवळ 'अवघड' म्हणून जात नाही.

यापुढची पायरी अमेरिकेत अल्फोन्सो काराम्झा आणि अर्गाय हिलिस यांनी 1991 साली गाठली. त्यांच्या एका रुग्णाला क्रियापदे बोलता येत नव्हती, पण लिहिता येत होती. दुसऱ्याला ती बोलता येत होती, पण लिहिता येत नव्हती. नामांची अडचण दोघांनाही फारशी नव्हती. संशोधकांनी मग नाम आणि क्रियापद या दोन्ही रूपांत सारखेच असणारे इंग्रजी शब्द निवडले. आपल्या भाषेत 'धाव' हा शब्द घ्या. 'शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी होती' येथे ते नाम आहे आणि 'तू लवकर धाव' येथे क्रियापद. उच्चार तोच, अक्षरे तीच! तरीही अशा शब्दाचे नाम म्हणून काम असले तर पहिल्या रुग्णाला तो उच्चारता येई आणि क्रियापद म्हणून असले तर अडचण येई. म्हणजे दोष जिभेचा नव्हता, अक्षरांचाही नव्हता. वाक्यात शब्द कोणते काम करतो, याची नोंद मेंदू ठेवतो, असा त्याचा अर्थ होतो.

अणूसारखे क्रियापद

क्रियापदाचे काम असे वेगळे का? याचे उत्तर तुमच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातील 'संयुजा' या कल्पनेच्या मदतीने समजते. ही तुलना ल्युसियँ तेनिएर या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने केली. त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1959 साली, प्रसिद्ध झाले. हायड्रोजनची संयुजा एक, ऑक्सिजनची दोन, नायट्रोजनची तीन, आणि निऑन कोणाशी हात मिळवीत नाही, म्हणून शून्य. तेनिएर म्हणाला, क्रियापदही असेच असते. प्रत्येक क्रियापदाला ठरावीक हात असतात आणि त्या हातांनी ते नामांना धरून ठेवते.

मराठीत पाहा. 'उजाडले' हे एकटेच पुरे वाक्य आहे. येथे कर्ता वेगळा सांगावा लागत नाही. हे भावकर्तृक क्रियापद, संयुजा शून्य. 'आंबा पडला' येथे अकर्मक क्रियापद, संयुजा एक. 'मुलाने आंबा पाडला' येथे सकर्मक, संयुजा दोन. 'मुलाने बहिणीला आंबा दिला' येथे द्विकर्मक, संयुजा तीन. 'पड' चे 'पाड' झाले, की एक हात वाढतो! व्याकरणाच्या तासाला पाठ केलेली ही नावे म्हणजे क्रियापदांचे हात मोजण्याची पद्धतच आहे.

हा हिशेब मेंदूलाही करावा लागतो, याचा पुरावा रुग्णांकडून मिळाला. सिंथिया थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की तुटक बोलणाऱ्या रुग्णांना एका हाताच्या क्रियापदापेक्षा तीन हातांचे क्रियापद सापडणे अधिक जड जाते. मात्र नुसते हात मोजून भागत नाही. 'धावणे' आणि 'वितळणे' ही दोन्ही क्रियापदे अकर्मकच आहेत. परंतु धावणारा स्वतः काही करतो, तर वितळणाऱ्या बर्फाला काहीतरी होते. दुसऱ्या प्रकारची क्रियापदे या रुग्णांना विशेष त्रास देतात, असे थॉम्पसन यांनी 2003 साली दाखवले. तेव्हा हात किती, याबरोबरच त्या हातात कोण आहे, हेही महत्त्वाचे ठरते.

उपचाराची किल्ली

या सर्वाचा रुग्णाला उपयोग काय? पूर्वीपासून वाचोपचारात वस्तूंची चित्रे दाखवून नावे घोकवून घेण्यावर भर असे. पण सुट्या नामांना बांधून ठेवणारे क्रियापदच नसेल, तर वाक्य कसे होणार? अमेरिकेत लिसा एडमंड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली क्रियापदापासून सुरुवात करणारी एक पद्धत मांडली. मराठीत तिचे स्वरूप असे होईल. रुग्णाला 'कापणे' हा शब्द द्यायचा आणि विचारायचे, कोण कापतो? काय कापतो? शिंपी कापड कापतो, न्हावी केस कापतो, शेतकरी भात कापतो. एक क्रियापद हालवले, की त्याच्या हातांना धरलेली नामेही हालतात. ज्या शब्दांचा सराव करून घेतलेला नव्हता, अशा शब्दांची वाक्येही काही रुग्णांना जमू लागली.

आपल्याकडेही अशा उपचारांचे शिक्षण मिळते. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था 1965 पासून आणि मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून हे काम करीत आहेत.

एक प्रयोग तुम्हीही करा. काल पाहिलेल्या क्रिकेटच्या सामन्याचे वर्णन मित्राला एक मिनिटभर करा, मात्र एकही क्रियापद न वापरता. नंतर पुन्हा तेच वर्णन करा, या वेळी एकही नाम न घेता. डोक्यात सारे स्पष्ट असूनही तोंडाने काहीच सांगता न येणे म्हणजे काय, याची थोडी कल्पना येईल. वाचाघाताचा रुग्ण याच स्थितीत दिवस काढतो आणि भोवतालचे लोक मात्र पुष्कळदा त्याला वेडा किंवा बहिरा समजतात. अशा आजोबांशी बोलताना ओरडू नका. त्यांना वेळ द्या, 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा, खुणा करू द्या.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. एखाद्याचे बोलणे अचानक अडखळू लागले, तोंड वाकडे झाले किंवा एक हात उचलेनासा झाला, तर 'पडून राहिले की बरे वाटेल' म्हणून थांबू नका. 108 क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवा. रक्ताची गाठ विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. ते कोणाला द्यायचे हे डॉक्टर तपासणी करून ठरवतात, पण त्यासाठी रुग्ण वेळेवर पोहोचला पाहिजे. त्या साडेचार तासांत रुग्णाची 'मुलगा', 'आंबा' आणि 'पाडतो' ही तिन्ही वाचू शकतात.